वाचकबाईचं गिऱ्हाईक कसं झालं

जुलै २०२५ मध्ये गुड ग्लॅम ग्रुप ही मुंबईची कंपनी मोडली. कर्ज देणाऱ्यांनी तारण ताब्यात घ्यायचं ठरवलं आहे, आता समूह म्हणून काही उरणार नाही, एकेक ब्रँड वेगवेगळा विकला जाईल, असं संस्थापक दर्पण संघवी यांनी स्वतःच जाहीर केलं. त्याआधी कित्येक महिने तिथल्या कर्मचाऱ्यांचे पगार थकल्याच्या बातम्या येत होत्या. आपल्यापैकी बऱ्याच जणींनी यातलं काही वाचलं नसेल. व्यापाराच्या पानावरची बातमी, आणि ते पान आपण उलटून टाकतो. लिपस्टिकवाल्यांचं दिवाळं वाजलं, आपल्याला काय त्याचं?

आपल्याला त्याचं बरंच काही आहे. या कंपनीच्या पोटात एक स्त्री-मासिक होतं. मराठीतही निघणारं.

पॉपएक्सओ हे त्याचं नाव. २०१४ साली प्रियांका गिल यांनी ते दिल्लीत सुरू केलं. छापील अंक नाही, सगळं इंटरनेटवर. वाचक म्हणजे कॉलेजातल्या, नुकत्या नोकरीला लागलेल्या, लग्नाच्या वयाच्या मुली. सुरुवात इंग्रजीत, मग हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू, बांग्ला. मराठी पानांवर उखाणे, मेंदीचे नमुने, बाळांची नावं, केस गळतीवर उपाय, नवऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा कशा द्याव्यात, असा मजकूर असे. अधूनमधून पाळीबद्दल, नात्यांबद्दलही काही येई. ऑगस्ट २०२० मध्ये मायग्लॅम या सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या कंपनीने ते विकत घेतलं. पुढे पॉपएक्सओ याच नावाने मेकअपचं सामानही बाजारात आलं. मासिकाचं नाव डबीवर!

मग खरेदीचा सपाटाच सुरू झाला. २०२१ मध्ये गरोदर बायका आणि नव्या आयांसाठीचं बेबीचक्र, आईबाळाची उत्पादनं करणारी द मॉम्स को, तरुणांमध्ये चालणारं स्कूपव्हूप, सिनेमा-फॅशनवालं मिसमालिनी. २०२२ च्या सुरुवातीला सिरोना, म्हणजे पाळीचे कप आणि प्रवासात बाईला उभ्याने लघवी करता यावी म्हणून कागदी नरसाळं विकणारी कंपनी. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रोसस आणि वॉरबर्ग पिंकस या बड्या गुंतवणूकदारांच्या पुढाकाराने १५ कोटी डॉलर आले आणि कंपनीची किंमत १२० कोटी डॉलर ठरली. पॉपएक्सओ आणि बेबीचक्र काढणाऱ्या दोघी समूहाच्या सहसंस्थापक झाल्या. बायकांसाठी, बायकांच्या पुढाकाराने, बायकांच्या प्रश्नांवर उभा राहिलेला उद्योग म्हणून कौतुकाचे रकाने भरले.

माझा वाद या कौतुकाशी आहे. दिवाळं वाजलं म्हणून नाही. ते वाजलं नसतं, कंपनी आजही भरभराटीत असती, तरी हाच वाद घातला असता.

इंटरनेटवर वस्तू विकणाऱ्या कंपनीचा मोठा खर्च वस्तू बनवण्यावर होत नाही, गिऱ्हाईक गाठण्यावर होतो. काजळाची एक कांडी विकायची तर गूगलला, फेसबुकला जाहिरातीचे पैसे मोजावे लागतात, आणि तीच मुलगी पुन्हा यावी म्हणून पुन्हा मोजावे लागतात. यावर या कंपनीने तोड काढली ती अशी, की मुली जिथे आपणहून जमतात ती जागाच विकत घ्यायची. मासिक आपलं, वाचक आपल्या, जाहिरातीचा खर्च वाचला. याला त्यांच्या धंद्यात ‘कंटेंट-टू-कॉमर्स’ म्हणतात, मजकुराकडून विक्रीकडे. कंपनीने हे कधी लपवलं नाही, उलट गुंतवणूकदारांना अभिमानाने सांगितलं. म्हणजे मासिकातला लेख हा लेख नव्हता, दुकानाची पायरी होती.

कुणी म्हणेल, यात नवं काय? मासिकांत जाहिराती कधी नव्हत्या? होत्या. आणि त्यांच्याशी भांडणही जुनंच आहे. अमेरिकेत ‘मिझ’ हे स्त्रीवादी मासिक १९७२ पासून जाहिराती घेऊन चालायचं. १९९० मध्ये त्यांनी जाहिराती पूर्ण बंद केल्या, आणि का बंद केल्या ते ग्लोरिया स्टायनम यांनी लिहून टाकलं. खाद्यपदार्थांचे जाहिरातदार म्हणत, आमच्या जाहिरातीशेजारी पाककृती हवी. सौंदर्यप्रसाधनवाले म्हणत, मेकअपवर लेख द्या, मग जाहिरात देऊ. पण हा जाहिरातदार दाराबाहेर उभा होता. संपादक त्याला आत घेत होती किंवा घालवून देत होती. त्या भांडणात संपादकाच्या हातात निदान दाराची कडी होती. आता जाहिरातदारच घरमालक झाला आहे. संपादक त्याची नोकरदार. कडी कुणी लावायची आणि कुणाला?

‘पण आपल्याकडे तर स्त्री-मासिक कारखान्यातूनच निघालं होतं’, असं एका बैठकीत एका ज्येष्ठ मैत्रिणीने मला ऐकवलं. मुद्दा बिनतोड वाटतो, म्हणून त्यात जरा शिरू. किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगरांच्या कारखान्याने १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, ते कारखान्याचं बातमीपत्र म्हणूनच. त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. शंकरराव किर्लोस्करांच्या ‘स्त्री’ने मध्यमवर्गीय मराठी बाईला लिहायला जागा दिली हे कुणीच नाकारणार नाही. ती जागा उच्चवर्णीय, शहरी होती हेही नाकारायचं कारण नाही. पण कंपनी नांगर विकत होती आणि मासिक बाईला नांगर विकत नव्हतं. बाई वर्गणी भरत होती. वर्गणी भरणारी बाई संपादकाला रागाचं पत्र लिहू शकते, पुढच्या वर्षी पैसे भरणार नाही म्हणू शकते. पुढे १९८३ मध्ये विद्या बाळ ‘स्त्री’च्या संपादक झाल्या, १९८६ मध्ये तिथून बाहेर पडल्या, आणि ऑगस्ट १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. दुसऱ्याच्या घरात किती मोकळेपणाने बोलता येतं याचा अंदाज आपल्या आधीच्या पिढीला होता. ‘बायजा’ १९७७ मध्ये निघालं तेही कुणा कारखान्याच्या जिवावर नव्हे.

फुकट मासिकाच्या वाचकबाईकडे बंद करायला काहीच नसतं. ती पैसे देत नाही, म्हणून तिचं कुणी ऐकायचं कारण नाही. तिच्याकडून येतं ते तिचं लक्ष, तिचे प्रश्न, तिचा फोन नंबर, आणि शेवटी तिची खरेदी. लेखाचा विषयही ती ठरवत नाही. मुली गूगलवर काय टाइप करतात ते बघून विषय निघतात, आणि त्यातले ज्यांच्या खाली काही विकता येईल ते वर चढतात.

केस गळण्याचंच घ्या. वस्तीतल्या मुलींचा हा अगदी आवडता प्रश्न. सल्ला केंद्रात मारहाणीच्या तक्रारीसाठी आलेल्या बाईची लेकसुद्धा जाता जाता विचारते, ‘ताई, केस लई गळतात, काय लावू?’ कुठल्याही अशा साइटवर या प्रश्नाला उत्तर मिळतं: कांद्याचा रस, अमुक तेल, तमुक सीरम, आणि खाली सीरम विकत घ्यायचं बटण. आता आकडा बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. देशात ५७ टक्के. लोह कमी पडलं की केस गळतात, दम लागतो, चक्कर येते. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासतात, लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. सगळ्यांचेच केस यामुळे गळत नाहीत हे खरं, पण ज्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे तिथे पहिला सल्ला कोणता हवा? घरात सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी कोण जेवतं, हा प्रश्न त्या लेखात येणारच नाही, कारण त्या प्रश्नाखाली बटण लावता येत नाही.

अंगावरून पांढरं जाण्याचंही तसंच. थोडं पांढरं जाणं हे शरीराचं नेहमीचं काम. वास येत असेल, खाज असेल, रंग बदलला असेल तर दवाखाना, आणि नवऱ्यालाही औषध लागू शकतं. योनी आपली आपण स्वच्छ राहते, आत धुवायला काही लागत नाही. पण बाजारात ‘इंटिमेट वॉश’ नावाच्या बाटल्या आल्या आहेत, आणि बाटली विकायची तर आधी बाईला आपल्याच अंगाची किळस वाटायला हवी. जुन्या बायांनी विटाळाच्या नावाने जे केलं तेच हे. बाटली तेवढी गुलाबी.

आणि बटण लावता न येणारे प्रश्न? लग्न न झालेल्या मुलीला गर्भपात करून मिळतो का? मिळतो. २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यात ‘नवरा’ ऐवजी ‘जोडीदार’ शब्द आला, आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपातातही विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही असं सांगितलं. हे मराठीत, आठ ओळींत, मुलीला कळेल असं किती ठिकाणी लिहिलेलं आहे? आमच्याकडे येणाऱ्या मुली तोवर कुठल्यातरी मेडिकलमधून गोळ्या घेऊन, रक्त जाऊन जाऊन पांढऱ्याफटक झालेल्या असतात.

बेबीचक्रसारख्या जागेचा विचार मात्र मला जास्त अस्वस्थ करतो. लिपस्टिकबद्दलचं वाचन वेगळं. इथे बाई आपल्या गरोदरपणाचे महिने सांगते, बाळंतपणाची तारीख सांगते, दूध येत नाही म्हणून रडते, सासू काय म्हणते ते लिहिते. दुसऱ्या बायका तिला धीर देतात. हे सगळं अस्सल असतं. गावाकडून शहरात आलेल्या, शेजार नसलेल्या बाईला तो आधारच असतो, त्याची टिंगल मी होऊ देणार नाही. पण बायकांनी बायकांना दिलेला धीर हा कंपनीच्या ताळेबंदात माल म्हणून जमा होतो. कितव्या महिन्यातल्या किती बायका, कोणत्या शहरात, हे कळलं की कुठली बाटली कधी दाखवायची ते ठरतं. आणि मालक कंपनी बुडाली, भाग सुटे करून विकायला निघाली, की त्या बाईने कुणाकडे जाऊन विचारायचं, ‘माझ्या बोलण्याचं काय झालं?’ तिला ना पावती, ना सभासदत्व.

पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ या परदेशी ॲपने बायकांची खाजगी माहिती फेसबुक-गूगलसारख्यांपर्यंत जाऊ दिल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि जानेवारी २०२१ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. त्यात दोन गोष्टी आपण नीट वाचायला हव्यात. कोर्टाने किंवा न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या कंपन्यांच्या विलीनीकरणाला या कायद्याच्या बऱ्याच कलमांतून सूट आहे. म्हणजे नेमकी जेव्हा माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हाच. दुसरी गोष्ट, अठरा वर्षांखालच्या मुलीची माहिती घ्यायची तर आईबापाची संमती हवी. सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या अंगाबद्दल प्रश्न विचारायचा तर आधी बापाला विचारायचं! कंपनीपासून संरक्षण म्हणून आणलेली तरतूद घरातल्या पहारेकऱ्याच्या हातात किल्ली देते. यावर आपल्या संघटनांनी एकत्र बसून निवेदन करायला हवं होतं.

या सगळ्यात लिहिणाऱ्या मुली कुठे? त्यांना मी गुन्हेगार ठरवत नाही. मराठीत एम.ए. केलेल्या, शिक्षकभरती नाही म्हणून घरी बसलेल्या, बाळ लहान म्हणून बाहेर पडू न शकणाऱ्या मुलींना या साइटांनी घरबसल्या काम दिलं. काम म्हणजे दिवसाला ठरलेले शब्द, ठरलेले शोधशब्द, इंग्रजी लेखाचं मराठीकरण. माझ्या ओळखीची एक जण अशाच एका साइटसाठी लिहायची (मी वर नाव घेतलेली नव्हे). ती म्हणाली, ‘ताई, मी बिडीच वळते, फक्त शब्दांची.’ बिडी कामगार बायकांना निदान एक कायदा होता, १९६६ चा. हिला नियुक्तिपत्र नाही, नाव नाही, आणि साइट बंद पडली की लिहिलेलंही नाहीसं. आपण घरकामगारांची, कचरावेचक बायकांची संघटना बांधली. घरबसल्या लिहिणाऱ्या बाईला आपण कामगार मानत नाही, कारण तिच्यासमोर लॅपटॉप आहे.

हे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. अमेरिकेत १९९५ साली ‘आयव्हिलेज’ निघालं, स्त्रियांचं इंटरनेटवरचं गाव म्हणून. कँडिस कारपेंटर आणि नॅन्सी एव्हान्स या दोघी संस्थापकांपैकी. आईपण, आजारपण, घटस्फोट यांवर बायका तिथे तासन्‌तास एकमेकींशी बोलत. मार्च १९९९ मध्ये शेअर बाजारात आलं तेव्हा २४ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी ८० च्या घरात गेला. पुढच्या दोन वर्षांत भाव कोसळला. २००१ मध्ये त्यांनी ‘विमेन डॉट कॉम’ हे प्रतिस्पर्धी गिळलं. २००६ मध्ये एनबीसी युनिव्हर्सलने ६० कोटी डॉलरला सगळंच विकत घेतलं. २०१४ मध्ये वेगळी साइट म्हणून ते बंद झालं. त्या गावातल्या बायकांना कुणी विचारलं नाही, कारण गाव त्यांचं कधीच नव्हतं.

आता आपल्या बाजूला येऊ. चळवळीतल्या काही मैत्रिणी हा विषय काढला की नाक मुरडतात. ‘ते थिल्लर आहे, त्यावर काय लिहायचं?’ १९९६ मध्ये बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धा झाली तेव्हा आपल्या संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. तेव्हा शत्रू मंचावर दिसत होता. आता तो मुलीच्या उशाखाली आहे, तिच्याशी ‘अगं’ म्हणून बोलतो, तिला स्वाभिमान, आत्मविश्वास, स्वतःसाठी वेळ, असे आपल्याच शिबिरांतले शब्द ऐकवतो. आपली भाषा त्यांनी उचलली आणि तिला भाव लावला. थिल्लर म्हणून सोडून दिल्याने त्या मुलीचा प्रश्न मिटत नाही. ती रात्री साडेअकराला पांघरुणात फोन धरून प्रश्न विचारते तेव्हा आपलं सल्ला केंद्र बंद असतं आणि आपला त्रैमासिक अंक कार्यालयाच्या कपाटात असतो.

दुसऱ्या काही जणी उलट टोकाला जातात. मोठ्या साइटने लेख मागितला की हुरळतात. आमच्या केंद्राकडेही एका पोर्टलने हिंसाचारग्रस्त बायकांच्या ‘कहाण्या’ मागितल्या होत्या, शक्यतो फोटोसकट. मानधन नाही, पण ‘लाखो वाचकांपर्यंत पोचाल’. मी नकार दिला, त्यावरून कार्यकारिणीत दोन बैठका वाद झाला. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही तेच आहे: बाईने केंद्रात सांगितलेली गोष्ट ही तिची आहे. ती गोरेपणाच्या क्रीमशेजारी छापायला देण्याचा अधिकार ना मला, ना संस्थेला. प्रचारासाठी लिहायचं तर कायद्याची माहिती लिहू, तीही मानधन घेऊन, मजकुरात जाहिरात घुसवणार नाही असं लेखी घेऊन. मालक कोण, पैसा कुणाचा, हे विचारल्याशिवाय एक ओळ द्यायची नाही.

आणि आपली स्वतःची जागा? ती लहान असेल, तोट्यात असेल, पण वर्गणीवर चालली पाहिजे. ‘हल्ली कुणी पैसे देत नाही’ हे मला पटत नाही. बचत गटातल्या बायका दरमहा पैसे काढतात, भिशी लावतात; त्यांना दहा रुपये जास्त वाटत नाहीत, फुकटचं संशयास्पद वाटतं. आमच्या वस्तीत आम्ही एक प्रयोग केला. पाळी, पांढरं जाणं, गर्भपात, पोटगी, रेशन कार्डावरचं नाव, अशा एकेका विषयावर तीन मिनिटांचं बोलणं मोबाईलवर ध्वनिमुद्रित केलं, वस्तीतल्याच बायकांच्या आवाजात, वस्तीतल्याच मराठीत, आणि गटागटांतून पाठवलं. वाचता न येणाऱ्या बायकांनी तर ते आधी मागितलं. कुणाचा नंबर आम्ही कुठल्या यादीत घातला नाही. पोटगीवरचं ऐकून दोघी केंद्रात आल्या, एकीचा अर्ज दाखल झाला आहे.

पण विषय पुरत नाहीत आणि आमची डोकीही पुरत नाहीत. प्रत्येक जिल्ह्यातल्या गटाने आपल्याकडच्या मुली आणि बायका फोनला काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत, नाव-गाव न घालता, लिहून पाठवावं. शुद्धलेखन सुधारू नका, ‘अंगावरून जातं’ याचं ‘स्राव’ करू नका. पुढच्या अंकाआधी संपादक मंडळाच्या बैठकीत हे प्रश्न ठेवायचे आहेत, आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर कोणती डॉक्टर, कोणती वकील मैत्रीण लिहील ते तिथेच वाटून घ्यायचं आहे.